अरबी समुद्राचं प्लवक मॉडेल: ग्राफ जुळला, नायट्रोजन जुळला नाही

हे प्रकरण आमच्या गटातलं आहे. माणसांची आणि संस्थेची नावं मुद्दाम देत नाही, पण समुद्र खरा, आकडेमोड खरी, आणि जो घोळ झाला तोही खराच. मी तेव्हा त्या गटात पोस्टडॉक होते, मॉडेल ज्याचं होतं तो पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा, मला ताई म्हणायचा, आणि आम्हा दोघांच्या वर मॅडम.

पार्श्वभूमी

अरबी समुद्रात वर्षातून दोनदा प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा, बहर येतो. एक जून ते सप्टेंबर, नैऋत्य मोसमी वाऱ्यात, ओमान-सोमालियाच्या किनाऱ्याला खालचं थंड पोषक पाणी वर येतं तेव्हा. दुसरा डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि तो जगाच्या नकाशावर जरा वेगळाच, कारण उष्ण कटिबंधात असूनही इथे हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडा गार वारा येतो, वरचं पाणी बाष्पीभवनाने थंड नि जड होऊन खाली बसतं, आणि वरचा मिसळलेला थर, ज्याला सगळे मिक्स्ड लेअरच म्हणतात, तो सुमारे १०० मीटरपर्यंत खोल जातो. त्यासोबत खालचं नायट्रेट वर येतं. ईशान्य अरबी समुद्रातला हा प्रकार आपल्याच शास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात सागर कन्या जहाजावरच्या मोहिमांतून नीट दाखवून दिला होता.

मुलाचं काम होतं समुद्राच्या एका जागचा पाण्याचा उभा खांब घेऊन त्यात प्लवकांचं मॉडेल चालवायचं. जागा १५.५ उत्तर, ६१.५ पूर्व. ही निवडली कारण ऑक्टोबर १९९४ ते ऑक्टोबर १९९५ असं पूर्ण वर्षभर तिथे अमेरिकन मूरिंग, म्हणजे तळाला नांगरलेला यंत्रांचा बोया, उभं होतं, वर हवामानाची यंत्रं आणि पाण्यात तापमान, प्रवाह, क्लोरोफिल (वनस्पती प्लवक किती आहेत ते ज्यावरून कळतं ते हिरवं द्रव्य) मोजणारी यंत्रं. एवढी सलग नोंद मध्य अरबी समुद्रात मिळणं म्हणजे सोनंच.

मॉडेल साधं, चार खात्यांचं: नायट्रेट, वनस्पती प्लवक, प्राणी प्लवक, आणि डेट्रायटस म्हणजे मेलेलं, कुजणारं, खाली बसणारं सगळं. चारही खाती नायट्रोजनमध्ये मोजायची, घनमीटरमागे मिलिमोल. वनस्पती प्लवक प्रकाश आणि नायट्रेट घेऊन वाढतात, प्राणी प्लवक त्यांना खातात, प्राणी प्लवकांची विष्ठा आणि दोघांचे मेलेले जीव डेट्रायटसमध्ये, ते बुडता बुडता कुजून परत नायट्रेट. १९९० मध्ये फॅशम आणि सहकाऱ्यांनी बर्म्युडाजवळच्या समुद्रासाठी सात खात्यांचं मॉडेल केलं, हे त्याचंच धाकटं भावंड समजा. या सगळ्या कुटुंबाचा एकच कणा, तो म्हणजे एका खात्यातून गेलेला नायट्रोजन दुसऱ्या खात्यात दिसलाच पाहिजे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच अडलं.

अडचण

पहिल्या रनमध्ये जानेवारी रिकामा आला. मूरिंगवर हिवाळाभर मध्यम पण टिकून राहिलेलं क्लोरोफिल, आणि मॉडेलमध्ये जानेवारीत जवळजवळ काही नाही, मग मार्चमध्ये पाणी तापून थर उथळ झाला की एकदम उंच टोक. म्हणजे नायट्रेट हिवाळाभर वर पडून होतं, कुणी वापरलं नाही, आणि प्रकाश मिळाल्यावर सगळं एका झटक्यात संपलं.

प्रकाशाचं गणित बघितलं तर मॉडेल असं का वागतंय ते कळतं. स्वच्छ समुद्रात उपयोगी प्रकाश मीटरमागे साधारण ०.०४ या दराने विरतो असं धरलं तर २५ मीटरवर ३७ टक्के उरतो, १०० मीटरवर २ टक्क्यांच्याही आत. १०० मीटरच्या थरात फिरणाऱ्या पेशीला सरासरी २५ टक्के प्रकाश, २५ मीटरच्या थरातल्या पेशीला ६३ टक्के. शिवाय थर २० वरून १०० मीटर झाला की तेवढेच प्लवक पाचपट पाण्यात पसरतात, म्हणजे एकही पेशी न मरता घनमीटरमागचा आकडा पाचव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे जानेवारी थोडा फिका येणं समजू शकतं, पण समुद्रात तो इतका फिका नव्हता.

पर्याय कोणते होते

बैठकीत चार गोष्टी पुढे आल्या.

पहिली, पॅरामीटर ट्यून करायचे. वाढीचा दर, खाण्याचा दर, बुडण्याचा वेग, नायट्रेटचा हाफ-सॅच्युरेशन आकडा (किती नायट्रेट असताना वाढ निम्म्या वेगाने होते तो), असे बारा-तेरा आकडे होते, ऑप्टिमायझर, म्हणजे हे आकडे आपोआप बदलून बघणारा प्रोग्रॅम, लावायचा आणि क्लोरोफिलशी फरक कमीत कमी करायचा. दुसरी, खाती वाढवायची, अमोनियम वेगळं, मोठे-छोटे प्लवक वेगळे. तिसरी, फोर्सिंग, म्हणजे मॉडेलला बाहेरून द्यायचं हवामान, बदलायचं. मुलाने वारा आणि उष्णतेचे महिन्याच्या सरासरीचे आकडे वापरले होते, ज्याच्याशी तुलना करायची ते उपग्रहाचं क्लोरोफिलही महिन्याच्या सरासरीचंच होतं म्हणून. मूरिंगचे तासातासाचे आकडे हाताशी होते पण ते साफ करून बसवायला दोन-तीन महिने गेले असते. चौथी गोष्ट मॅडमनी जाता जाता विचारली, की नायट्रोजनची एकूण बेरीज बघितली का. मुलगा म्हणाला, "मॅडम, बघतो." आणि ती तिथेच राहिली. मीही आठवण केली नाही, ही माझी चूक, कारण ते काम अर्ध्या दिवसाचं होतं आणि मला ते माहीत होतं.

आम्ही पहिला पर्याय घेतला. कारण सरळ होतं, दीड महिन्यावर परिषदेतलं पोस्टर होतं आणि ऑप्टिमायझर रात्री आपला आपण चालतो.

आधी काय केलं

तीन आठवड्यांत ग्राफ सुंदर आला. जानेवारी भरला, मार्चचं टोक बसलं, जुलै-ऑगस्टही बरा. मुलगा खूष, मीही खूष. त्या वेळी दोन खुणा समोर होत्या आणि दोन्ही आम्ही सोडून दिल्या.

एक म्हणजे नायट्रेटचा हाफ-सॅच्युरेशन आकडा. सुरुवातीला तो ०.५ होता, पुस्तकात सापडतो तसा. ऑप्टिमायझरला आम्ही ०.०५ ते २ अशी मुभा दिली होती, आणि तो जाऊन बरोबर ०.०५ वर टेकला. पॅरामीटर हद्दीला टेकला की तो सांगत असतो की मला अजून पुढे जायचंय, म्हणजे मॉडेल दुसरीकडची कसली तरी चूक या आकड्यातून भरून काढतंय. आम्ही काय म्हटलं, तर मोकळ्या समुद्रातले बारीक प्लवक कमी नायट्रेटवरही जगतात, मग आकडा लहान येणारच. ऐकायला पटणारं होतं, म्हणून जास्त धोक्याचं.

दुसरी खूण बुडण्याचा वेग. डेट्रायटस इतकं सावकाश बुडत होतं की जवळजवळ सगळं वरच कुजत होतं. अरबी समुद्रात १९८६ पासून भारत-जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी खोल पाण्यात सेडिमेंट ट्रॅप लावले होते, वरून पडणारे कण गोळा करणारी मोठी नरसाळीच ती, आणि त्यात दोन्ही मोसमांत कणांचा पाऊस वाढलेला स्पष्ट दिसतो. आमच्या नव्या मॉडेलमध्ये खाली जाणारा माल वर्षभर एकसारखा, दोन्ही मोसमांचा पत्ता नाही. वरचं क्लोरोफिल जुळत होतं म्हणून खालचं कुणी काढूनच बघितलं नाही.

पोस्टरच्या आधी मॅडमना दाखवलं तेव्हा त्यांनी ग्राफकडे बराच वेळ बघितलं आणि परत तेच विचारलं, "बेरीज कुठाय?"

हिशेब

बेरजेची चाचणी अशी करतात. खांबाचं तळ बंद करायचं, खालून नायट्रेट परत भरणारी सोय काढायची, तळाशी पोचलेलं डेट्रायटस तिथेच साठू द्यायचं. मग रोज चारही खात्यांची, प्रत्येक थराच्या जाडीने गुणून, बेरीज करायची. काही आत येत नाही, काही बाहेर जात नाही, म्हणजे बेरीज आडवी सरळ रेघ यायला हवी, फार तर दहाव्या दशांश स्थळी थरथर.

आमची रेघ जिन्यासारखी वर चढत गेली. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे जेव्हा वर नायट्रेट संपलेलं असतं तेव्हा, दर पावलाला, म्हणजे मॉडेल वेळेत पुढे सरकतं त्या दर टाइमस्टेपला, थोडा थोडा नायट्रोजन कुठूनतरी उगवत होता.

शोधायला दोन दिवस लागले. कोडमध्ये प्रत्येक टाइमस्टेपच्या शेवटी एक ओळ होती, कुठलीही किंमत शून्याखाली गेली तर शून्य कर. ही ओळ अर्ध्या जगाच्या कोडमध्ये असते, ऋण नायट्रेट आलं की पुढचं गणित फुटतं म्हणून घालतात. पण बघा काय होतं. समजा नायट्रेट उरलंय ०.०२ आणि या पावलात प्लवकांनी घेतलं ०.०३. प्लवकांच्या खात्यात ०.०३ जमा झालं, नायट्रेटच्या खात्यात उणे ०.०१, आणि ती ओळ म्हणते शून्य. ०.०१ नायट्रोजन हवेतून तयार. बँकेत खात्यात पैसे नसताना चेक वटावा आणि वर शिल्लक शून्य दाखवावी तसं.

आता यातला जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पुढे आहे. मूळ मॉडेलमध्ये ही गळती जवळपास नव्हतीच. वाढीचा दर दिवसाला १.५, प्लवक १ मिलिमोल, हाफ-सॅच्युरेशन ०.५ धरलं तर नायट्रेट कमी असताना ते संपण्याचा वेग दिवसाला ३ पट, म्हणजे टाइमस्टेप ८ तासांपेक्षा लहान असला की ऋण व्हायची वेळ येत नाही. आमचा टाइमस्टेप ३ तासांचा होता, ठीक होतं. हाफ-सॅच्युरेशन ०.०५ केलं की तोच वेग दिवसाला ३० पट, आणि मर्यादा ८ तासांवरून ४८ मिनिटांवर. ३ तासांच्या पावलाने मग दर वेळी ऋण, दर वेळी शून्यावर कापणी, दर वेळी फुकटचा नायट्रोजन. ऑप्टिमायझरला समुद्र कळत नाही, त्याला फक्त फरक कमी करायचा असतो, आणि त्याने फरक कमी करायचा सगळ्यात स्वस्त रस्ता शोधला, तो म्हणजे आमच्या कोडमधलं भोक. ऑक्टोबर-नोव्हेंबरला फुकट नायट्रोजन मिळाला की डिसेंबरात शिरतानाच प्लवकांचा साठा मोठा, बुडण्याचा वेग कमी म्हणून तो वरच फिरतोय, आणि म्हणून जानेवारी भरलेला. मार्चचं टोक बसलं ते प्राणी प्लवकांचाही साठा वाढला होता म्हणून.

आणि हे आधी दिसलं का नाही? कारण नेहमीच्या रनमध्ये २०० मीटरखाली नायट्रेट अनेक वर्षांच्या मोजमापांच्या सरासरीकडे ओढून धरलेलं असतं. जास्तीचा नायट्रोजन तिथे पोचला की ती ओढ त्याला गुपचूप पुसून टाकते.

इथे एक मोह झाला तोही लिहिते. गटातल्या एकाने सुचवलं की बेरीज वाढतेय तर डीनायट्रिफिकेशन घाला. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, तिथले जीवाणू नायट्रेट वापरून त्याचा नायट्रोजन वायू करतात, मोकळ्या समुद्रात हे मोठ्या प्रमाणावर घडतं अशा जगातल्या तीन मुख्य जागांपैकी ही एक. म्हणजे प्रक्रिया खरी, जागा बरोबर, कुणी पेपरमध्ये हरकतही घेतली नसती. पण ती घातली असती ती कोडने तयार केलेला नायट्रोजन पुसायला, आणि मग तिचा दर जो काही निघाला असता त्याला समुद्राशी काही देणंघेणं नसतं. मॅडमनी एका वाक्यात नाही म्हटलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात चांगला निर्णय.

मग काय केलं

पोस्टर मागे घेतलं. मुलाला वाईट वाटलं, साहजिक आहे, दोन दिवस तो लॅबमध्ये आलाच नाही, मग येऊन म्हणाला, "ताई, शून्यापासून करू." ट्यून केलेले सगळे आकडे टाकून मूळ आकड्यांवर परत आलो. कापणीची ओळ काढली, टाइमस्टेप ५ मिनिटांचा केला आणि समीकरण सोडवायची पद्धत बदलली, आता एका खात्यातून जेवढं खरंच निघेल तेवढंच दुसऱ्यात जातं. बेरजेची रेघ सरळ झाली. आणि जानेवारी परत रिकामा.

मग तो तिसरा पर्याय, जो वेळखाऊ म्हणून सोडला होता. मूरिंगचे तासातासाचे वारे आणि उष्णता बसवायला अडीच महिने गेले. महिन्याची सरासरी का चालत नाही हे एका छोट्या गणितात कळतं. पाणी ढवळायची वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाबरोबर वाढते. वारा कायम १० असेल तर घन १०००. अर्धा वेळ ५ आणि अर्धा वेळ १५ असेल तर सरासरी वारा तोच १०, पण घनांची सरासरी १७५०. सरासरीने वादळ आणि शांतता दोन्ही खाऊन टाकली होती.

शिवाय हिवाळ्यात मिक्स्ड लेअर रोज श्वास घेतल्यासारखा हलतो, मूरिंगच्या तापमानात ते स्वच्छ दिसतं. रात्री वरचं पाणी थंड होऊन थर खोल, सकाळी ऊन चढलं की वरचे २०-३० मीटर वेगळे होतात, संध्याकाळनंतर परत खोल. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण आम्हीही आधी चुकीचं समजलो होतो. दुपारी थर उथळ झाला म्हणजे एकूण प्लवकांना मिळणारा प्रकाश वाढतो असं नाही, वरच्यांना ६३ टक्के, पण खाली अडकलेल्यांना १२ टक्क्यांच्या आसपास, सरासरी काढली तर परत तेच २५. फरक पडतो तो वरचे प्लवक दिवसभर उजेडात थांबून वाढतात, वाढलेले अजून वाढतात, आणि रात्री सगळं खाली मिसळून नवं नायट्रेट वर येतं. रोजचा छोटा बहर, आणि मध्ये दोन-तीन दिवस वारा पडला तर जरा मोठा. त्यात नायट्रेट हिवाळाभर थोडं थोडं खर्च होतं, मार्चसाठी ढीग उरत नाही.

तिसरी चूक मॉडेलमध्ये नव्हतीच, प्लॉट काढायच्या स्क्रिप्टमध्ये होती. मॉडेल नायट्रोजन देतं, यंत्र क्लोरोफिल मोजतं, मधलं रूपांतर आम्ही एका ठरावीक आकड्याने करत होतो. १ मिलिमोल नायट्रोजन म्हणजे रेडफिल्डच्या प्रमाणाने (प्लवकांमधलं कार्बन-नायट्रोजनचं नेहमीचं प्रमाण) ६.६ मिलिमोल कार्बन, म्हणजे जवळपास ८० मिलिग्रॅम. कार्बन-क्लोरोफिल प्रमाण ५० धरलं तर १.६ मिलिग्रॅम क्लोरोफिल. पण पेशी अंधारात असेल तर ती जास्त क्लोरोफिल बनवते, प्रमाण ३० झालं तर त्याच नायट्रोजनचं २.६५. उन्हात आणि उपाशी असेल तर प्रमाण १०० आणि क्लोरोफिल ०.८. हिवाळ्यात पेशी अंधारात फिरतात, मार्च-एप्रिलमध्ये उन्हात तरंगतात. म्हणजे एकच आकडा वापरून आम्ही जानेवारी कमी आणि मार्च जास्त दाखवत होतो, बरोबर ज्या दिशेने मॉडेल चुकत होतं त्याच दिशेने. प्रकाश आणि नायट्रेटनुसार बदलणारं प्रमाण घातलं.

आणि तुलना उपग्रहाच्या सरासरीशी न करता मूरिंगच्याच क्लोरोफिलशी केली. हे खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं, कारण १९९४-९५ मध्ये नियमित समुद्ररंग मोजणारा उपग्रह वर नव्हताच, सीविफ्स १९९७ मध्ये गेला. आम्ही एका वर्षाचं मॉडेल दुसऱ्याच वर्षांच्या सरासरीला जुळवत होतो, आणि त्यातही जुलै-ऑगस्टचे आकडे ढगांमुळे फाटके.

निकाल

जानेवारी भरला, एकही पॅरामीटर ट्यून न करता. ऑप्टिमायझरच्या ग्राफइतका चिकटून नाही, पण हिवाळाभर टिकणारा बहर आला, मार्चचं टोक जवळजवळ गेलं, आणि खाली जाणाऱ्या कणांमध्ये दोन मोसम दिसायला लागले, ते तर आम्ही जुळवायला घेतलेही नव्हते.

दोन गोष्टी जुळल्या नाहीत आणि त्या प्रबंधात तशाच लिहिल्या. ऑगस्टचं क्लोरोफिल कमी येतं, कारण त्या काळात ओमानच्या किनाऱ्याकडून पोषक पाण्याच्या लांब पट्ट्या आडव्या वाहत येतात आणि उभ्या खांबाच्या मॉडेलला आडवं काही कळत नाही. आणि प्राणी प्लवक मॉडेलमध्ये बहरामागे वरखाली होतात, तर प्रत्यक्षात मध्य अरबी समुद्रात त्यांचं वजन वर्षभर आश्चर्यकारक स्थिर सापडतं, नव्वदच्या दशकापासून चर्चेत असलेलं कोडं आहे ते. बहर नसतानाच्या महिन्यांत त्यांना जीवाणू आणि सूक्ष्म प्राण्यांच्या साखळीतून खाणं मिळत असावं असं त्याचं एक उत्तर दिलं जातं, आणि ती साखळी चार खात्यांत बसत नाही.

या सगळ्यात मुलाचे सात-आठ महिने गेले. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त वेळ बेरजेच्या त्या पानावरच काढला.

परत करायचं झालं तर

ट्यूनिंगच्या आधी बेरीज, हे तर झालंच, पण मी अजून एक करेन. बेरीज एकदा काढून पुरत नाही, कारण आमची गळती ट्यूनिंगने जन्माला घातली होती, पहिल्या दिवशी तपासलं असतं तर रेघ सरळच आली असती आणि आम्ही निर्धास्त झालो असतो. म्हणून प्रत्येक रनला बेरीज लागतेच, आणि ऑप्टिमायझरमध्ये बेरीज हलली की तो रन बाद.

हद्दीला टेकलेला पॅरामीटर दिसला की त्या दिवशी काम थांबवून तो का टेकला ते शोधेन. पटणारं जीवशास्त्रीय कारण सुचलं तरी थांबेन, सुचलं तर जास्तच.

खाती वाढवायचा दुसरा पर्याय आम्ही घेतला नाही ते बरं झालं असं मला वाटतं, पण इथे मॅडमचं आणि माझं एकमत नाही. त्यांच्या मते अमोनियम सुरुवातीपासून हवं होतं, कारण वरच्या थरातला बराचसा नायट्रोजन नायट्रेट न होताच परत वापरला जातो. मला वाटतं चार खात्यांत गळती सापडायला दोन दिवस लागले, दहा खात्यांत ती सापडली नसती.

मुलगा आता दुसरीकडे आहे, ओमानच्या बाजूचे आडवे प्रवाह धरून तीन मितींचं मॉडेल करतोय. गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला, एक प्लॉट फक्त, खाली काही लिहिलेलं नाही. वर्षभराची एकूण बेरीज, सरळ आडवी रेघ.